डाव्या सीटखालचे बटण

मित्रांनो, मी एक जुनी डिझेल पिकअप गाडी आहे. दुरुस्तीनंतर मी सुरू का होत नव्हते, हे मला पहिल्या मिनिटापासून माहीत होते. गॅरेजमध्ये माणसे सकाळपासून घामाघूम झाली होती आणि मी गप्प उभी होते. मुद्दाम नाही. गाडीला आवाज असतो, पण तो इंजिन सुरू झाल्यावरचा. इंजिनच बंद असेल तर गाडीने बोलायचे कशाने?

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यासारख्या शेकडो गाड्या एकामागे एक पुढे सरकत होत्या. शेवटच्या कामगाराने माझ्या बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "चल, पुढची." एवढेच माझे कौतुक. तिथून मी दुकानात आले आणि दुकानातून मला एका नवरा-बायकोने नेले. त्यांची रोपवाटिका होती. तो गाडी चालवायचा. ती रोपे लावायची, वाढवायची, ओल्या पोत्यात गुंडाळून माझ्या मागच्या हौद्यात रचायची. सगळ्यात नाजूक कुंडी मात्र ती डाव्या सीटवर बसून मांडीवर घ्यायची.

मी वेगवान कधीच नव्हते. ती मला गोगलगाय म्हणायची. चढावर मी धापा टाकू लागले की तो चिडायचा. मग ती म्हणायची, "ओरडू नका तिच्यावर. चढाला तुम्हीसुद्धा थांबताच की!"

चौथ्या वर्षी भर दुपारी मला चोरांनी पळवले. तिसऱ्या दिवशी मी गावाबाहेर सापडले, डिझेल संपल्यामुळे सोडून दिलेली. त्यानंतर तिने वायरिंगवाल्याकडून तिच्या सीटखाली एक बटण बसवून घेतले. माझ्या डिझेल पंपावर एक लहानशी विजेवर चालणारी झडप आहे. तिला करंट मिळाला तरच डिझेल इंजिनात जाते. त्या झडपेची वायर तिने या बटणातून फिरवली. बटण खाली असले की कुणी कितीही किल्ली फिरवो, मी जागची हलणार नाही.

गाडी थांबली की ती वाकून बटण खाली करायची. निघताना तो किल्लीला हात लावून विचारायचा, "बाईसाहेब, परवानगी आहे का?" ती वाकायची, बटण वर करायची आणि म्हणायची, "आहे. मारा सेल्फ." लहानपणी त्यांची मुलगी मधे बसून हे रोज ऐकायची आणि रोज हसायची. तो एकटा जाणार असेल तर पाण्याची बाटली ठेवायच्या निमित्ताने ती डाव्या दाराशी यायची आणि बटण वर करून जायची. बाहेर एकटा असताना तो त्याला हात लावायचा नाही. अशी चौदा वर्षे गेली.

मग एका चढावर माझा गिअरबॉक्स गेला. त्याने गाडी कडेला घेऊन बंद केली. सवयीने ती वाकली.

"अगं, मोडकी गाडी कोण चोरणार?" तो म्हणाला.

"कोणी नाही. पण हाताला कुठे कळतंय ते?"

मला दोर बांधून या गॅरेजमध्ये आणले. मिस्त्रीने गिअरबॉक्स खाली उतरवला. त्याच आठवड्यात ती आजारी पडली आणि माझी चौकशी करायला कोणी आले नाही. माझ्या हौद्यात जुने टायर रचले गेले. मिस्त्रीची मांजर डाव्या सीटवर झोपू लागली. एक दिवस मिस्त्री शेजारच्या पंक्चरवाल्याला सांगत होता, "ही पिकअप ज्यांची ना, त्यांच्या बाई गेल्या रे." मला ते असे कळले. टायरांच्या ढिगाखाली.

सात महिन्यांनी माझ्या मालकाची मुलगी गॅरेजमध्ये आली. म्हणाली, "मिस्त्री, गाडी एकदाची करून टाका. बाबा एकटेच बसून असतात. रोपवाटिका बंद करून माझ्याकडे चला म्हटलं, तर म्हणतात, गाडी सुरू झाली तर मी इथेच राहीन. नाही झाली तर येतो."

म्हणजे मित्रांनो, त्याचे पुढचे दिवस कुठे जाणार हे माझ्यावर ठरणार होते. आणि माझे तर ठरलेलेच होते. जुन्या गाड्या फोडून सुटे भाग विकणारा एक जण मला सुरू करून बघायच्या दिवशीच संध्याकाळी पाच वाजता दोर घेऊन येणार होता.

गिअरबॉक्स बसला. नवी बॅटरी आली. बापलेक सकाळीच येऊन बाकावर बसले. तो वाळला होता. शर्टाचे एक बटण वरच्या काजात गेले होते. मिस्त्रीने किल्ली फिरवली. सेल्फ जोरात फिरला. इंजिन घरघरले, पण उचलेना.

मिस्त्री मागे जाऊन सायलेन्सरशी वाकला. "धुराचा पत्ता नाही. म्हणजे डिझेलच पोचत नाहीये. पाइप काढले होते, हवा शिरली असणार."

त्याने फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप दाबत राहिला. आधी बुडबुडे आले, मग स्वच्छ डिझेल. पुन्हा सेल्फ. काही नाही. त्याने फिल्टरच नवा टाकला. काही नाही.

"हीटर बघितलेत का?" मुलीने विचारले.

"ताई, हीटर लागतो थंडीत. इथे मलाच घाम फुटलाय, तो लावू का हिला?" असे म्हणून त्याने तेही तपासले. हीटर चांगले होते.

माझा जीव तडफडत होता. मिस्त्री वाकायचा तो उजव्या बाजूने, उठायचा तोही उजव्या बाजूने. डावीकडे फक्त मांजर होती. मांजरी, तू तरी खाली बघ, असे मला झाले होते. सेल्फ फिरला की मी सगळे अंग हलवायचे. डावे दार खडखडायचे. मिस्त्री म्हणाला, "दाराची बिजागरी पण गेली वाटतं."

दुपारी त्याने इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरला जाणाऱ्या पाइपांचे नट सैल केले आणि मुलीला सेल्फ मारायला सांगितले. पाइपांची तोंडे कोरडी राहिली.

"पंपापर्यंत डिझेल येतंय, पुढे जात नाही," तो हात पुसत म्हणाला. "सात महिने उभी होती. पंप जाम झाला असणार, काका. तो उतरवून पंपवाल्याकडे पाठवावा लागेल. महिना तरी जाईल, आणि खात्री कसलीच नाही."

माझा मालक बाकावरून उठलाही नाही. "राहू दे मग. झालं तेवढं पुष्कळ झालं."

"बाबा, महिनाभर थांबू या की."

"नको गं. हीसुद्धा नाहीच म्हणतेय."

मित्रांनो, हे ऐकताना मला काय वाटले असेल! मी नाही म्हणत नव्हते. मी कधी त्याला नाही म्हटले नव्हते.

पाच वाजता तो गाड्या फोडणारा आला. त्याने माझे टायर लाथेने दाबून पाहिले आणि पुढच्या हुकात दोर अडकवायला सुरुवात केली. "मिस्त्री, दिवस घालवलास की रे. मला सकाळीच बोलवायचं."

मिस्त्रीला ते लागले. "दोर सोड आधी. माझं एक बघायचं राहिलंय." तो टेस्ट लॅम्प घेऊन आला, किल्ली चालू करायला लावली आणि दिव्याचे टोक पंपावरच्या झडपेच्या वायरीला टेकवले. दिवा लागला नाही.

"अरे! पंपाला कशाला दोष देतोय मी?" मिस्त्री ओरडला. "करंटच येत नाही इथे. मधेच कुठेतरी अडवलाय. काही हरकत नाही, बॅटरीवरून सरळ दुसरी वायर टाकतो. दहा मिनिटांचं काम."

मालकाने हातातला चहाचा ग्लास बाकावर ठेवला. "काय म्हणालास? अडवलाय?"

इतक्या वेळात त्याला आठवले कसे नाही, असे तुम्ही विचाराल. खरे सांगू? आठवायला ते त्याचे काम नव्हतेच. चौदा वर्षांत त्याने फक्त परवानगी विचारली होती आणि ती त्याला मिळत गेली होती.

तो उठला. माझ्या पुढून वळसा घालून डाव्या दाराशी आला. मांजरीला उचलून खाली ठेवले आणि तिच्या जागेवर बसला. या सीटवर तो कधीच बसला नव्हता. त्याने वाकून हात खाली घातला. बोटांना बटण लागले आणि हात तिथेच थांबला.

"बाबा?" मुलगी उजव्या दारातून आत डोकावली.

"हे तिनं बंद केलंय," तो म्हणाला. "त्या दिवशी. तसंच आहे."

दोरवाला दोर हातात धरून उभा राहिला. मिस्त्री हळूच म्हणाला, "काका, त्याला हात लावायची गरज नाही. मी दुसरी वायर टाकतो. ते बटण राहील तसंच."

तो बराच वेळ वाकलेला राहिला. मला त्याचा अंगठा जाणवत होता. तिच्या बोटाने गुळगुळीत झालेल्या जागेवरून तो पुन्हा पुन्हा फिरत होता.

"नको," तो म्हणाला. "कायमचं ठेवायला थोडंच बंद केलं होतं तिनं? घरी जायच्या वेळी चालू करायला केलं होतं."

मुलगी माझ्या उजव्या सीटवर बसली. तिने किल्लीला हात लावला. "बाबा, परवानगी आहे का?"

खालून टक् असा आवाज आला.

"आहे. मार सेल्फ."

पहिल्यांदा मी नुसती खोकले. पाइप रिकामे होते. मिस्त्रीने सैल केलेले नट भराभर आवळले. दुसऱ्यांदा मी एवढा धूर सोडला की पंक्चरवाला धावत बाहेर आला. तिसऱ्यांदा मी सुरू झाले. जे सकाळपासून सांगायचे होते ते सगळे मी एकदम बोलून टाकले. दोरवाल्याने दोर गुंडाळला आणि चहा मागितला.

आता मी पुन्हा रोपे वाहते. निम्मी रोपे त्या सात महिन्यांत वाळून गेली, उरलेल्यांवर काम चालते. बटण उजवीकडे बसवून देतो, असे मिस्त्रीने दोनदा सांगून पाहिले. त्याने ऐकले नाही. रोज निघताना तो वळसा घालून डाव्या दाराशी जातो, वाकतो, बटण वर करतो आणि मग आपल्या जागी येतो. त्याचे गुडघे दुखतात. तरी जातो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या गाडीचे तेलपाणी बघा, तिला कोपऱ्यात महिनोन्महिने उभी ठेवू नका, हे तर सांगतेच. पण आणखी एक करा. तुमच्या घरातल्या माणसांचा हात दिवसभरात कुठे कुठे जातो, ते जरा बघत जा. तुम्ही निघायच्या आधी कोणीतरी वाकून काहीतरी चालू करून ठेवलेले असते.