डाव्या हाताचा चाकू

मी बोलतोय. इकडेतिकडे शोधू नका, खाली बघा. टेबलावर कापडाच्या घडीवर पडलोय ना, तो मीच. घडीचा चाकू. बोटभर पातं आणि लाकडी मूठ, एवढाच माझा संसार. पण स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांशी माझं नातं लावू नका हं. कांदे चिरणं हा माझा धंदा नव्हे. मी कलमं करतो.

जन्म कारखान्यातला. तिथे आम्हा सगळ्या भावंडांच्या पात्याला एकाच बाजूने उतार दिला. दुसरी बाजू पाटीसारखी सपाट ठेवली. कलमाच्या चाकूला अशीच धार लागते. काप सपाट पडला तरच एका झाडाचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला कोंब, दुसऱ्या रोपाच्या खुंटाला चिकटून बसतो. आणि हा उतार उजव्या हाताच्या सोयीने दिलेला. सगळं जग उजव्यांचंच असावं, असं मलाही तेव्हा वाटत होतं.

मला विकत घेतलं एका रोपवाटिकेतल्या माळ्याने, आणि तो निघाला डावखुरा! त्याने मला डाव्या हातात धरून एक काडी कापून बघितली आणि नाक मुरडलं. घरी आल्याबरोबर दगड भिजवला आणि माझी धार मोडून उलट्या बाजूने नवी काढायला बसला.

"अहो, नवाकोरा चाकू! काय दशा करताय त्याची?" बायको म्हणाली.

"माझ्या वळणावर आणतोय. तुला नाही का आणलं?"

"कुणी कुणाला आणलं ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे," असं म्हणून ती आत निघून गेली.

मी चांगलाच घुश्शात होतो. पण त्याचा हात लागला आणि माझा राग कुठल्या कुठे पळाला. काय हात होता तो! गुलाबाच्या सालीवर मला असा फिरवायचा की झाडाला कळायचंही नाही. काप घेण्याआधी पुटपुटायचा, "सोस जरा, बाळा." रोपवाटिकेत सगळे त्याला डावेमामा म्हणत. जेवणाच्या सुट्टीत कुणी "मामा, फळ कापायला चाकू द्या की" म्हटलं, तर मामा सरळ खिसे चाचपून सांगायचे, "अरेच्चा, घरीच राहिला वाटतं!" मी खिशात गप्प पडून असायचो. एरवी खोटं न बोलणारा माणूस, पण माझ्यासाठी बिनदिक्कत बोलायचा.

अशी कितीतरी वर्षं गेली. मामांचा अंगठा रोज जिथे टेकायचा तिथलं लाकूड झिजत गेलं आणि माझ्या मुठीवर एक गुळगुळीत खळगा पडला. मामा अंधारातही नुसत्या त्या खळग्यावरून मला ओळखायचे. मला त्याचा फार अभिमान होता.

मग मामांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं.

बोलणं शाबूत राहिलं, पाय ओढत का होईना चालू लागले, पण डावा हात मांडीवर पडला तो पडलाच. मी टेबलाच्या खणात गेलो. तिथे बिनकुलपाच्या किल्ल्या आणि बंद पडलेली बॅटरी होती. झाडांचा चीक सांध्यात सुकला, पात्यावर गंज चढला. खण उघडला की मला वाटायचं, आता मामा. पण हात यायचा तो औषधाची गोळी शोधायला.

मामांच्या जागी त्यांची मुलगी रोपवाटिकेत जाऊ लागली. एकुलती एक, बापासारखीच हट्टी, फक्त उजव्या हाताची. रोपवाटिकेच्या मालकीणबाईंनी तिला गुलाबाचा एक वाफा दिला आणि स्पष्ट सांगितलं, "हंगामभर बघते. कलमं लागली तर बाबांची जागा तुझी. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

पोरीने गुपचूप मला खणातून काढलं. बाबांना चकित करायचं होतं तिला. पॉलिश पेपरने घासघासून तिने माझं पातं आरशासारखं चमकवलं आणि घरातल्या सुरीला लावतात तशी दोन्ही बाजूंनी धार लावली. मी आतल्या आत ओरडत होतो, पण आमचं ऐकतो कोण?

वाफ्यातला एकेक काप फुगीर पडला. डोळा खुंटावर बसायचा, पण चिकटायचा नाही. कलम केलेल्या डोळ्याला पानाचा देठ तसाच ठेवतात. काही दिवसांनी बोट लावलं की देठ अलगद गळला, तर कलम लागलं. वाळून चिकटून राहिला, तर गेलं. तिचे देठ वाळून घट्ट चिकटून राहिले. घरी मात्र ती "छान चाललंय" म्हणायची.

एका संध्याकाळी मामांनी विचारलं, "देठ पडले का गं?"

ती उठून त्यांची औषधं आवरू लागली.

"आण तो चाकू. खणात नाही, माहीत आहे मला."

मामांनी उजव्या हाताचं नख माझ्या धारेवरून दोन्ही बाजूंनी फिरवलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"चमकतोय मात्र झकास. लग्नाला न्यायचाय का कुठे?"

पोरीला रडू कोसळलं. "बाबा, मला वाटलं, तुम्हाला बघून बरं वाटेल."

"बरं वाटलं की. गंजला होता बिचारा." मग म्हणाले, "अजून अर्धा वाफा शिल्लक आहे ना? दगड भिजव."

मामींनी टेबलावर ओलं फडकं अंथरलं, त्यावर दगड बसवला. मला केवढा आनंद झाला! आता जुनी धार परत येणार, मी पुन्हा मामांचा होणार. पण मामांनी मला दगडावर टेकवलं ते उलट्या बाजूने.

"बाबा, चुकतंय. तुमचा उतार या बाजूला असतो."

"माझा असतो. कापणार कोण आहे?"

"मी डाव्या हाताने शिकेन."

"उजव्याने लिही म्हणून मी लहानपणी छड्या खाल्ल्या, तरी ऐकलं नाही. तुला कशाला उलटी शिक्षा? घास तू, मी सांगतो."

कधी ती घासायची, कधी मामा. त्यांचा उजवा हात अगदीच नवशिका होता. कोन सारखा निसटायचा आणि मामा स्वतःवरच चिडायचे. पातं तयार झालं तसं त्यांनी बारीक पॉलिश पेपर मागवला. मूठ घासायला.

पोरीने खळग्यावर बोट दाबून धरलं. "हे नाही. एवढं राहू दे."

"तुझ्या बोटाला फोड आलाय, बघितलाय मी. खळगा आडवा येतो तुला."

"येऊ दे. तुमची खूण आहे ती."

"खूण कसली? अंगठा झिजवत होता, मी कलमं करत होतो. सोड बघू."

तिने बोट काढलं. मामांनी खळग्यावर आपला उजवा अंगठा ठेवून बघितला. तो काही तिथे बसेना. खळगा डाव्याचा होता. मामांनी अंगठा उचलला आणि पेपर हातात घेतला. खळगा भरता येत नाही, भोवतालचं लाकूड खाली आणावं लागतं. पोर मला फडक्यात धरून होती, मामा घासत होते, आणि माझ्या मुठीचा भुसा फडक्यावर पडत होता. खरं सांगतो, तेव्हा मला मामांचा फार राग आला. मला ते जवळचे वाटत होते आणि ते माझ्यावरून स्वतःलाच पुसून टाकत होते. मामी मघाशीच आत निघून गेल्या होत्या.

शेवटी जुन्या बनियनच्या तुकड्याने त्यांनी मुठीला जवसाचं तेल चोळलं, सांध्यात एक थेंब सोडला आणि मला मिटवलं. टक्. जुनाच आवाज. "घे," ते म्हणाले, "तुझा झाला."

दुसऱ्या दिवशी वाफ्यावर तिने मला उजव्या हातात धरलं आणि काप घेण्याआधी पुटपुटली, "सोस जरा, बाळा." बाबा असं म्हणतात हे तिला कुणी सांगितलं होतं, कोण जाणे. काप पाटीसारखा सपाट पडला, आणि माझा राग तिथेच संपला.

काही आठवड्यांनी ती मामांना वाफ्यावर घेऊन आली. मालकीणबाईही आल्या. तिने मामांचा डावा हात उचलला आणि त्यांचं बोट एका देठावर टेकवलं. मामांनी डोळे गच्च मिटले होते. त्या बोटाला आता काही कळत नाही.

"पडला का गं?" त्यांनी विचारलं.

"पडला, बाबा."

"पुढचा?"

"तोही पडला."

मामा डोळे न उघडताच हसले. मग सगळ्या ओळीभर ती त्यांचा हात धरून चालत राहिली.

मी आता पहिल्यापेक्षा बारीक झालोय, पातंही आखूड झालंय. एवढंच मागणं आहे: तुमच्या घरी कुणाचं हत्यार खणात पडून असेल तर ते बाहेर काढा, ज्याच्या हाती द्यायचं त्याच्या हातासारखं घासून घ्या आणि कामाला लावा. मला कपाटात शोभेला ठेवलं असतं, तर मामांची खूण राहिली असती, पण मामा राहिले नसते.

बरं, चला. पोरीने मला टेबलावरून उचलून खिशात टाकलंय, आणि वर आता खिसे चाचपतेय. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी फळ कापायला चाकू मागितलाय, आणि ती सांगतेय, "अरेच्चा, घरीच राहिला वाटतं!"