निन्फाची पंगत

यंग्सटाउनच्या पुरुषांचं आणि आमच्या बफलोच्या पुरुषांचं जमलं, तेव्हा त्यांनी काही लिहून ठेवलं नाही. त्यांनी एक मुलगी दिली. निन्फा तिचं नाव. आमच्या बाल्दास्सारेशी, म्हणजे बाल्दोशी, तिचं लग्न लागलं, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांच्या गालांचे मुके घेतले, आणि त्या दिवसापासून तळ्याकाठचा जुगार आणि चोरट्या सिगारेटचे ट्रक दोघांचे झाले. मोठे मुत्सद्दी! पोरीला विचारायचं मात्र सगळे विसरले.

मी तिची शेजारीण. तिच्या लेकीला, आगातिनाला, बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलं ते मी, म्हणून निन्फा मला कुमारे म्हणते. सख्ख्या बहिणीपेक्षा हे नातं आमच्यात वरचं.

निन्फाच्या पाठोपाठ तिचा धाकटा भाऊ मेलो इकडे आला. हसरा, उधळ्या, कुणालाही नाही म्हणता न येणारा. बाल्दोनं आमच्या टोळीच्या म्होरक्यासमोर, डॉन स्तेफानोसमोर, छातीवर हात ठेवून मेव्हण्याची हमी घेतली. ही हमी तोंडदेखली नसते. ज्याची घेतली तो फिरला, तर त्याला आणून उभं करायचं, नाहीतर त्याच्या जागी आपण उभं राहायचं. आणि मेलो फिरला. पिट्सबर्गच्या वैरी टोळीशी त्यानं गुपचूप हात मिळवला, ते उघडकीला आलं, आणि तो नायगाराच्या बाजूला कुठेतरी दडून बसला. कुठे, ते फक्त बहिणीला ठाऊक.

संत जोसेफाचा सण जवळ आला होता. आगातिना तापातून उठली म्हणून त्या वर्षी निन्फानं पंगतीचा नवस बोलला होता. मी तिच्या स्वयंपाकघरात बडीशेपेच्या जुड्या निवडत होते, तेवढ्यात बाल्दो आत आला आणि टोपी न काढताच म्हणाला, "मेलोला बोलाव."

"कशाला?"

"बोलायचंय त्यांना त्याच्याशी. मिटवायचंय."

"ज्यांना मिटवायचं असतं ते तुझ्यासारखे घाम पुसत येत नाहीत," निन्फा म्हणाली.

"पंगतीत कुणी हात लावणार नाही. पोरीची शपथ. संताच्या पानावर बसलेल्याला कोण हात लावेल?"

ते खरं होतं. त्या दिवशी दाराशी वैरी आला तरी त्याला वाढायचं, आणि पंगत मांडलेली आहे तोवर भांडण उंबऱ्याबाहेर. ती आवरायची तीही जिचा नवस तिनंच. दुसऱ्या कुणी टेबलावरच्या चादरीला हात लावायचा नाही, अगदी डॉननंसुद्धा.

निन्फानं माझ्याकडे पाहिलं. मी बडीशेपेकडे पाहिलं. मला काय म्हणायचं होतं ते मी म्हटलं नाही, कारण बाल्दो नसता तर त्या घराचं काय झालं असतं हे मलाही कळत होतं. मग तिनं फोन उचलला.

सणाच्या दिवशी दुपारी मेलो आला. नवा कोट, हातात संत्र्यांची पिशवी. सार्डिन माशांचा पास्ता, मसूर, भरलेले आर्टिचोक, संताच्या दाढीच्या आकाराचा पाव, सगळं मांडलं होतं. पाद्री आशीर्वाद देऊन गेले. टेबलाच्या टोकाला जाड ओव्हरकोटातले डॉनचे दोघे बसले होते. फार सभ्य माणसं. म्हाताऱ्यांना खुर्च्या आणून देत होती, पोरांना पाणी देत होती. मेलो त्यांच्या समोरच बसला आणि पोटभर जेवला.

जेवणं उरकली. लोक पाव घेऊन घरी जाऊ लागले, आणि निन्फा मला बाजूला घेऊन म्हणाली, "कुमारे, माणसं आण."

"कुठून आणू?"

"कुठूनही. भुकेलं माणूस असेल तोवर पंगत आवरता येत नाही."

मी रस्त्यावर धावले. विधवा आणल्या, गोदीवरून सुटलेले हमाल आणले, कोळसा टाकणारा पोलिश गडी आणला. त्याला बिचाऱ्याला कळेना की ह्या इटालियन बायकांना आज झालंय काय. एक दारुडा आणला, तो दोनदा जेवला. निन्फा कढईपाशी उभी राहून स्फिंजे तळत राहिली. गोड गोळे ताटात पडत होते आणि ती पुढचं पीठ सोडत होती. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं आम्ही काय करतोय. सगळी गल्ली बोटं चाटत होती. मीसुद्धा त्यातलीच.

ऊन उतरलं, पीठ संपलं. मी शेजारून आणलेलंही संपलं. बाल्दो स्वयंपाकघराच्या दारात आला. त्याच्या खांद्यावर आगातिना झोपली होती.

"आवर आता, निन्फा."

"अजून येतील पाहुणे."

"कुणी येणार नाही." त्यानं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "तू नाही आवरलंस तर ते मला म्हणतील, चल. मला, निन्फा."

तो गेला, आणि त्याच्या मागून मेलो आत आला. माझ्यासमोरच बोलला. मी परकी नव्हते, किंवा आता कशाचाच फरक पडत नव्हता.

"काय गं, कढई रिकामी?"

"मेलो, पळ." निन्फानं त्याची बाही धरली. "मागच्या दारानं. मी ह्यांना अडवते."

"मागच्या दाराशी एक उभा आहे. थंडीत कुडकुडतोय बिचारा. मघाशी त्यालाही चार स्फिंजे देऊन आलो."

"तुला ठाऊक होतं?"

"तू फोन केलास तेव्हाच. मला जन्मात तू गाढव म्हटल्याशिवाय जेवायला बोलावलं नाहीस. त्या दिवशी म्हणालीस, 'मेलो, येशील का?'" तो हसला. "मी म्हटलं, संपलं."

"मग आलास कशाला, गाढवा?"

"आत्ता कसं!" तो म्हणाला. "नसतो आलो तर बाल्दो गेला असता. हमी त्याची, चूक माझी. आणि भाचीला बाप पाहिजे."

तिनं त्याच्या थोबाडीत मारली. मग त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून रडली. तो तिला थोपटत राहिला. मला तिथून निघून जायला हवं होतं, पण मी तिथंच पिठाची परात खरवडत राहिले.

निन्फा बाहेर गेली. कोटातले दोघे उठून उभे राहिले, घरच्या बाईला मान द्यावा तसे. बाल्दो भिंतीकडे बघत होता. टेबलावर संताचा पाव तेवढा उरला होता. ती बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिली. कुणी तिला घाई केली नाही. मग तिनं पाव उचलून बाजूला ठेवला आणि चादरीची दोन टोकं धरली.

चादर लांब होती, एकटीला घडी घालवेना. मेलोनं समोरची टोकं धरली. दोघांनी ती ताणली, झटकली, टोकाला टोक मिळवत जवळ आले. शेवटच्या घडीला त्याचे हात तिच्या हातांत आले, तेव्हा त्यानं चादर तिच्याकडे दिली आणि कोट घातला. दोघांपैकी एकानं त्याच्यासाठी दार उघडून धरलं.

मेलो पुन्हा कुणाला दिसला नाही. यंग्सटाउनशी सोयरीक टिकली, धंदा टिकला, बाल्दोचा मानही वाढला. निन्फानं नवऱ्यासाठी भावाला दिलं, असं बायका दबक्या आवाजात बोलायच्या. त्यात दोष होता, तसंच थोडं कौतुकही होतं. एकदा मीही तिला तसंच काही म्हणाले. बरं वाटावं म्हणून म्हणाले, देवाशप्पथ.

ती बटाटे सोलत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "तेवढं मोठं काही नव्हतं गं, कुमारे. त्या पावासमोर उभी होते तेव्हा मला ना नवरा आठवला, ना पोरगी. पहाटेपासून उभी होते. मला वाटलं, एकदाचं हे संपू दे, मला बसायचंय."