आमच्या मोरीचं पाणी कुठं जातं

आमच्या हॉटेलच्या मोरीचं पाणी कुठं जातं, हे वीस वर्षांत घरातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. आज सांगताना लाज वाटते. तेव्हा उलट ते माहीत नसणं हाच मोठेपणा होता. बोरी अरबच्या मोटार स्टँडजवळ आमचं हॉटेल. मागच्या खोलीत खरकटी भांडी घासायची, तेला-बेसनाचं पाणी फरशीतल्या भोकात ढकलायचं आणि पाठ फिरवायची. पुढचं डोमाजी पाहायचा. बाजाराच्या आदल्या दिवशी तो मागच्या दारानं यायचा, फरशी उचलून नाली उपसायचा आणि उरलेसुरले भजे घेऊन जायचा. तो काम करत असताना तिकडं कुणी फिरकायचं नाही, हा सासऱ्यांच्या वेळचा दंडक.

छप्पन सालच्या दसऱ्याला डोमाजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. त्याच आठवड्यात तो स्वच्छ धोतर नेसून पुढच्या दारानं आला आणि आमच्या ह्यांना म्हणाला, "वामनराव, नालीचं काम आता आमच्याच्यानं होनार नाही. दुसरा मानूस पाहून घ्या."

मालक न म्हणता वामनराव म्हणाला, हे ह्यांना नालीपेक्षा जास्त झोंबलं.

"पाहू किती दिवस उपाशी राह्यतो," हे म्हणाले.

डोमाजी उपाशी राहिला नाही. तो जिनिंगात कापसाचे बोरे उचलायला लागला. तुंबली ती आमची मोरी. महिन्याभरात मागच्या खोलीत घोट्याएवढं पाणी साचलं आणि गिऱ्हाईक नाकाला दुपट्टा लावून चहा पिऊ लागलं. मग दारव्ह्याहून आरोग्य खात्याचा साहेब आला. आठ दिवसांत पाणी वाहतं झालं नाही तर हॉटेलला टाळं, असं बजावून गेला. आमच्याकडे वावर नव्हतं. हॉटेल बंद म्हणजे चूल बंद.

ह्यांनी परगावचे दोन मजूर आणले. ते म्हणाले, "नाली कोनत्या अंगानं जाते, तेवढं सांगा." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी तीन ठिकाणी फरशी फोडली, तिन्ही ठिकाणी काळी माती निघाली. मजूर वैतागून निघून गेले.

"डोमाजीले जाऊन इचारा," मी ह्यांना म्हटलं.

"मी? त्याच्या दारी? टाळं लागलं तरी चालन."

असा संताप आला! पुरुषाची ऐट सांभाळायला पोरंबाळं उपाशी मरायची काय? मी भर दुपारी एकटी डोमाजीच्या घरी गेले. तो बाजेवर बसला होता. त्याची बायको रुखमाबाई सुपात तूर पाखडत होती.

"डोमाजी, तू एकडाव येऊन नुसतं दाखव," मी म्हटलं.

"तुमी म्हना," रुखमाबाई सुपातून डोळे न काढता म्हणाली.

खरं सांगते, तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण गरज माझी होती. "तुमी दाखवा," मी म्हटलं, आणि जीभ अडखळली.

"येत नाही, सांगतो," डोमाजी म्हणाला. "मोरीपासून चार हात सरळ जाते, मंग भट्टीच्या मांगं वळते. तिथली फरशी उचला. वळनात पावडं चालत नाही. हात घालावा लागते, खांद्यापावतर."

"खांद्यापावतर?"

"वीस वर्सं घातला त्यानं," रुखमाबाई म्हणाली. "अन् तुमी भजे वरून टाकत होत्या. हाताले हात लागू नाही म्हनून."

टाकत होते. मीच टाकत होते. मी उठले.

हॉटेलात येऊन भट्टीमागची फरशी पहारीनं उचकटली. "थांब, कोनी ना कोनी भेटन," हे दुरून म्हणत राहिले. कोण भेटणार होतं? मी पदर खोचला, पालथी पडले आणि हात आत घातला. थंडगार, थिजलेल्या तुपासारखा थर बोटांना लागला. पहिल्यांदा ओकारी झाली. मग पुन्हा घातला. चौथ्या बादलीनंतर आत गुडगुड झाली आणि पाणी सरकलं. मी तिथंच पडून रडले. डोमाजीचा राग, रुखमाबाईचा राग, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा.

साहेब आला, त्यानं स्वतः दोन बादल्या ओतून पाहिल्या आणि कागदावर सही केली. टाळं टळलं.

मी दोनदा अंघोळ केली, राखेनं हात लाल होईस्तोवर घासले आणि स्वयंपाक करून ह्यांच्यापुढं ताट ठेवलं. ह्यांनी पाण्याचा गडवाही उचलला नाही.

"उद्यापासून रांधाले थोरल्या वयनीले बोलावतो," हे म्हणाले. "तू चुलीपाशी येऊ नको. लोकं काय म्हनतीन?"

"हॉटेल वाचलं ते कोनाच्या हातानं?"

"म्हनूनच म्हनतो. नाली तुले आता समजली आहे. दर हप्त्याले तूच काढत जा."

बोलताना आवाज चढलाही नाही. सोय लावल्यासारखं सहज म्हणाले.

"मी काढनार नाही," मी म्हटलं. "अन् रांधनारही नाही."

मी ते ताट माझ्याकडे ओढलं आणि त्याच उजव्या हातानं, त्यांच्यासमोर बसून, शेवटच्या शितापर्यंत जेवले. माणसाचा इतका राग मला कधी आला नव्हता, आणि भूकही इतकी कधी लागली नव्हती.