चौदा रविवार

सूतगिरणीचा भोंगा बंद होऊन एकोणीस वर्षं झाली, तरी पावणेसातला मला जाग येते. गेवराईत आमच्या गल्लीत त्या भोंग्यावर उठणारं आता माझ्याखेरीज कुणी राहिलेलं नाही. उठून करायचं काहीच नसतं. मी दाराकडे बघत बसते. नऊला माया कामाला येते.

गिरणीत मी अठ्ठावीस वर्षं हजेरी कारकून होते. मस्टरवर तीनशे नावं. हजर असेल तर 'ह', गैरहजर असेल तर 'गै', आणि साप्ताहिक सुट्टी असेल तर लाल शाईनं 'सु'. पगारपत्रक त्यावरून व्हायचं, फंड त्यावरून कापला जायचा, बाळंतपणाची रजासुद्धा त्यावरून ठरायची. नवी बाई कामाला लागली की मी तिला सांगायची, तुझा दिवस माझ्या वहीत खरा लिहिला गेला की नाही ते बघत जा.

यजमान गेल्यावर पुण्याला असलेल्या माझ्या मुलानं, केदारनाथनं, मायाला घरकामाला ठेवलं. अटी मीच लिहून दिल्या. नऊ ते पाच. रविवारी पूर्ण सुट्टी. चौदा एप्रिल आणि पंधरा ऑगस्ट भरपगारी. माया कागद उलटसुलट करून हसली.

"काकू, आजपतुर कुनी मला असा कागद दिलाच न्हाई."

"घरकामाला कारखान्याचा कायदा लागत नाही," मी म्हणाले, "पण मला लागतो."

फार ताठ मानेनं म्हणाले होते. तेव्हापासून तिचं मस्टर मी ठेवते. महिनाअखेर त्याचा फोटो केदारला पाठवते आणि तो तिचा पगार खात्यात टाकतो.

रविवार मात्र संपता संपत नाही. टीव्ही लावला तर परकी माणसं घरात येऊन भांडतात, बंद केला तर शेजारच्या कूकरच्या शिट्ट्या मोजण्यावाचून उद्योग नाही. दिवाळीला केदार येऊन गेला. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी काचबिंदूचे थेंब लिहून दिले, सकाळ-संध्याकाळ. माझा हात थरथरतो. शनिवारी मी मायाला म्हणाले, "उद्या थेंब टाकायला तेवढी ये."

ती आली. थेंबांना दोन मिनिटं लागली. मग मी चहा ठेवला, मग मेथी निवडायला काढली, मग गिरणीतल्या हळदीकुंकवाचा जुना फोटो दाखवला. असं करता करता संध्याकाळच्या थेंबांची वेळ झाली. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. माया कधी कुरकुरली नाही. आणि मी त्या रविवारांखाली लाल शाईनं 'सु' लिहीत गेले, कारण वहीचा फोटो केदारला जायचा होता.

मायाची मुलगी आम्रपाली अंबाजोगाईला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. होस्टेलवर भेटायला फक्त रविवारी सोडतात, तेही चारपर्यंत. इथून बीड, बीडहून अंबाजोगाई. सहाची एसटी धरली तरच भेट होते. हे सगळं मला माहीत होतं.

फेब्रुवारीतल्या पहिल्या शनिवारी माया मागच्या पायरीवर बसून फोनवर बोलत होती. तिच्या फोनमधला आवाज लांबूनही ऐकू येतो.

"मम्मी, उद्या बी येणार न्हाईस?"

"काकूला बरं न्हाई गं."

"तीन महिने झाले. असा कोणता रोग हाय? मी आमच्या सरांना इचारते."

"गप बस. लई शहानी झालीस."

"सगळ्यांच्या मम्मी येतात. मी काय वॉर्डनच्या पंगतीला बसू?"

माया हसली. पण फोन ठेवल्यावर पदरानं तोंड पुसून मगच आत आली.

संध्याकाळी केदारचा व्हिडिओ कॉल आला. माझी तब्येत विचारून झाली आणि त्यानं मायाला फोनसमोर बोलावलं.

"मावशी, रविवारची सुट्टी मिळते ना बरोबर?"

मायानं आधी माझ्याकडे पाहिलं.

"मिळती की, दादा."

ते पाहणं माझ्या ओळखीचं होतं.

गिरणीत एकदा फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार होते. आदल्या दिवशी मॅनेजर मोहनराव माझ्या टेबलाशी आले. "गंगासागरबाई, बायकांच्या सुट्ट्या कागदावर दिसल्या पाहिजेत." मोठी मागणी आली होती. सुताच्या लडी करणाऱ्या बायकांना सात आठवडे एकही रविवार घरी मिळाला नव्हता. दहा दिवसांहून जास्त सलग काम घेता येत नाही, हे मला पाठ होतं. तरी मी एका दुपारीत सगळे रकाने लाल केले.

इन्स्पेक्टर कागदावर भागवणारे नव्हते. ते सरळ खात्यात गेले आणि समोर दिसली त्या दगडाबाईला त्यांनी विचारलं, "बाई, आठवड्याची सुट्टी मिळते का?" तिचं लेकरू तेव्हा अंगावर पीत होतं. तिनं मोहनरावांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मस्टर कोण लिहितं हे तिला ठाऊक होतं.

"मिळती की, सायेब."

तिनं माझी नोकरी वाचवली. त्यावर ती माझ्याशी कधी एक शब्द बोलली नाही. गिरणीला कुलूप लागलं त्या दिवशी सगळ्या बायका गळ्यात पडून रडल्या. दगडाबाई माझ्यासमोरून निघून गेली.

कॉल संपला. मी मस्टर काढलं. मस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही; चुकीवर एकच रेघ मारायची, वर खरं लिहायचं आणि शेजारी सही करायची. चौदा रेघा मारल्या, चौदा वेळा 'ह' लिहिलं, चौदा सह्या केल्या. माया पिशवी खांद्याला अडकवून निघायच्या बेतात होती.

"माया, हे बघ. तुझ्या चौदा सुट्ट्या मी खाल्ल्या."

तिचा चेहरा उतरला. "मला काढायलाव का काकू? कुनी काय सांगितलं का माझं?"

"अगं नाही. रविवार बुडवला तर बदली सुट्टी द्यावी लागते. त्याच महिन्यात, नाहीतर पुढच्या दोन महिन्यांत. नोव्हेंबरच्यांची तर मुदतही उलटून गेली."

"चौदा दिवस घरी बसून काय करू? भिंती मोजू?"

"त्या जमतील तशा घे. उद्याचा रविवार मात्र तुझाच आहे. सहाची गाडी धर."

"आन् थेंब?"

"मी टाकीन."

"तुमचा हात गालावर जातो, डोळ्यात न्हाई."

"गालावर पडला तर पुसेन."

ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "कावून ओ काकू आज एकदम? कायदा तर घराला लागत न्हाई म्हनला व्हता तुमी."

"मला लागतो, असंही म्हणाले होते."

त्यावर ती हसली नाही. चपला घालून झाल्यावर म्हणाली, "आमूला मेथीचे धपाटे लई आवडतात," आणि गेली. गल्लीच्या कोपऱ्यावरून तिचा आवाज आला, "आमे, उद्या मेसमधी जेवू नको."

मी दुरुस्त केलेल्या पानांचे फोटो केदारला पाठवले. खाली लिहिलं, आधीचे खोटे होते. निळ्या खुणा आल्या.

रविवारी पावणेसातला जाग आली. मायाची गाडी एव्हाना बीडच्या वाटेवरच्या गढी गावापुढे गेली असेल. आरशासमोर उभी राहिले. पहिला थेंब गालावर गेला, दुसरा भुवईत, तिसरा डोळ्यात. नऊला उठून दाराची कडी काढली, मग आठवलं आणि पुन्हा लावली. अर्धी वाटी तांदूळ लावले. दुपारी दोनतीनदा नुसतीच खाकरले, आवाज आहे की गेला ते बघायला. शेजारच्यांचा कूकर पाच शिट्ट्यांवर थांबला.

पाच वाजता मस्टर उघडलं. दिवस भरण्याआधी खूण करायची नसते. लाल शाईनं 'सु' लिहिलं, ती वाळेपर्यंत थांबले, वही जागेवर ठेवली.

मग दिवा लावून, मान मागे टाकून बाटली धरली. पहिलाच थेंब डोळ्यात पडला. सांगायला घरात कुणी नव्हतं.