ओवाळणीची तसबीर

बायनाबाईला राग यायला मोठं निमित्त लागत नसे. नदीच्या वाळूत तिच्या नवऱ्याची टरबुजांची वाडी होती. तिथं कुणाची शेळी शिरली तरी ही बाई गोदावरीच्या पल्याड ऐकू जाईल अशी ओरडे. पण त्या दिवशी बन्सीधर शेटजीच्या दुकानासमोर तिला जो राग आला, त्यात तिच्या तोंडातून शब्दच फुटेना.

दिवाळी चार दिवसांवर आली होती. लढाईमुळं कापड महागलेलं, तरी शेटजीच्या ओट्यासमोर बायांची ही गर्दी. शेटजीनं ग्रामोफोनची पेटी ओट्यावर मांडली होती आणि तिच्या कर्ण्यातून एक आवाज येत होता. गाणारा पुरुष, पण आवाज बाईचा, मधाळ, थोडा कापरा.

‘दिवाळीच्या बीजेला, सये, उंबऱ्यात माझा पाय
भाऊराया आल्याबिगर ताटाला हात लावू काय’

बाया पदर डोळ्यांना लावून ऐकत होत्या. बायनाबाई मीठ घ्यायला निघाली होती, ती जागच्या जागी थांबली. पुढची ओळ काय येणार हे तिला ठाऊक होतं. ती तिनंच बांधली होती, स्वतःच्या जात्यावर, वीस वर्षांपूर्वी.

‘धुरळा उडतो वाटंवर, सये, गाडी कुणाची दिसं
आला माझा भाऊराया, खणाला मोराची पिसं’

तबकडी संपत आली आणि त्याच आवाजानं, आता चांगल्या पुरुषी ठसक्यात, सांगितलं, “शब्द आणि गाणं, मी मास्टर भुजंग!”

“ह्या तबकडीपायी खणांचे चार गठ्ठे उठले,” शेटजी खुशीत म्हणाला. “बाया रडायल्यात आणि घ्यायल्यात.” तेवढ्यात त्याची नजर बायनाबाईवर गेली. “अहो, ही बघा, त्याची सख्खी बहीण!”

सगळ्या माना वळल्या. एक परगावची बाई हात धरून म्हणाली, “लय नशिबाची गं बाई तू! असा भाऊ! दर बीजेला मोटार भरून आणत असंल.”

बायनाबाईनं हात सोडवून घेतला आणि मीठ न घेताच ती घरी आली. त्या रात्री नवऱ्यानं, आश्रुबानं, अळणी कालवण मुकाट्यानं खाल्लं. तीस वर्षांच्या संसारात तो एवढं शहाणपण शिकला होता.

भुजंग चार वर्षांचा असताना माहेरी चारठाण्यात प्लेगची साथ आली आणि एका आठवड्यात आईबाप गेले. बायनाबाईचं नुकतंच लग्न झालेलं, वय चौदा. ती त्या पोराला कडेवर घेऊन सासरी गंगाखेडला आली. सासू म्हणाली, हा ढेकूण कशाला आणलास? बायनाबाई म्हणाली, मी माझ्या वाट्याची अर्धी भाकर त्याला देईन. आणि तिनं ती खरंच दिली. लोकांची दळणं दळली. पहाटे ती जात्याला बसली की पोरगं तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचं. जात्याची घरघर आणि तिच्या ओव्या त्याच्या कानात अशा शिरल्या की अक्षर ओळखण्याआधी तो गायला लागला.

पुढं तो एका तमाशाच्या फडाबरोबर निघून गेला. बायकी सोंगं करायचा, आणि लुगडं नेसून उभा राहिला की पाटलाच्या बायका त्याचा नेसणीचा थाट बघून घ्यायच्या. पहिल्या वर्षी भाऊबीजेला तो पूर्णेहून पायी चालत आला. पायाला फोड, आणि काखेत पहिल्या कमाईचा खण. काठावर मोराची पिसं विणलेली. बायनाबाईनं त्याला ओवाळलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दळता दळता त्या दोन ओव्या बांधल्या. तिच्या अख्ख्या जन्मात जे एक चांगलं झालं होतं ते तिनं त्यात ठेवलं होतं.

सात-आठ बीजांना तो आला. मग निरोप यायला लागले, मग निरोपही थांबले. भुजंगाचा मास्टर भुजंग झाला होता. मुंबईच्या कंपनीनं त्याच्या तबकड्या काढल्या. हैदराबादेत बंगला, दाराशी मोटार, दहा बोटांत आठ अंगठ्या. त्याच्या नावाची विडी निघाली, त्याच्या तोंडाची काडेपेटी निघाली. नवाबाच्या घरी लग्न असलं की म्हणे त्याच्याबिगर वऱ्हाड जेवत नसे. टांगेवाले त्याची गाणी म्हणत घोड्याला चाबूक मारायचे. हे सगळं बायनाबाईला लोकांकडून कळायचं. तिनं डाकवाल्याकडून सात कार्डं लिहून घेतली होती, सगळ्यांत मजकूर एकच: बीजेला ये. एकदा उत्तरादाखल दहा रुपयांची मनीऑर्डर आली, पाठवणारा कुणी मॅनेजर. ती तिनं डाकवाल्याच्या अंगावर फेकली.

आणि तरी दर बीजेला ती ताट करायची. कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन, आणि अंगात तोच मोराच्या पिसांचा खण. आता विरून जाळी झालेला. अंगणात पाट मांडून उंबऱ्यात बसायची. अकरा वर्षं. शेजारची म्हातारी तानुबाई, जिच्याबरोबर ती दळायला बसे, ती दर वर्षी कळवळून सांगायची, “बायने, दिवा विझायलाय. चंद्राला ओवाळ आन् मोकळी हो.” आमच्याकडं ही रीत आहे. जिला भाऊ नाही, जिचा भाऊ मेला, ती बाई बीजेच्या कोरीला ओवाळते.

बायनाबाई खवळायची. “चंद्राला ओवाळाया माझा भाऊ मेला का? माझा भाऊ जिता हाय! पुन्हा असं बोलशील तर दळायला येऊ नको.” आणि निरांजन तसंच तेल संपेस्तोवर जळू द्यायची. वरच्या चंद्राकडं मान वर करून बघायचीसुद्धा नाही.

यंदा, तबकडी ऐकल्यावर, बारावी बीज आली. तानुबाईला वाटलं, आता तरी. पण बायनाबाईनं ताट केलंच. फक्त या वर्षी उंबऱ्यात बसून ती रडली नाही, दात-ओठ खात बसली.

माघ महिन्यात, उन्हं कलायला लागली होती तेव्हा, गल्लीच्या तोंडाशी मोटार येऊन थांबली. सारा मोहल्ला लोटला. मोटारीतून मास्टर भुजंग उतरला. रेशमी शेरवानी, केसांना सुगंधी तेल, गालावर थोडी पावडर. मागं त्याचा मॅनेजर किशनराव, तीन पायांचा कॅमेरा खांद्यावर घेऊन.

“आक्का!” भुजंगानं हाक मारली.

एवढंच. बायनाबाईनं बारा वर्षं शिव्या साठवून ठेवल्या होत्या. एक एक शिवी तिनं घासून धार लावून ठेवली होती. त्या एका हाकेनं त्यातल्या निम्म्या कुठं गेल्या ते तिला कळलं नाही. ती उंबऱ्यात उभी राहिली, ओठ घट्ट मिटून, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

“लय वाळलास,” ती म्हणाली. तो चांगला गुटगुटीत झाला होता.

आश्रुबानं घोंगडी टाकली. भुजंग त्याला “दाजी, बरं हाय ना?” म्हणून बसला, पण शेरवानी सांभाळून, घोंगडीच्या कडेला. चहा झाला. मग त्यानं किशनरावाकडं पाहिलं, आणि किशनरावानं घसा साफ केला.

“बाई, असं आहे. हैदराबादच्या एका अखबारात कुणीतरी लिहिलं, की मास्टर भुजंग भाऊबीजेचं गाणं गाऊन लोकांना रडवतात, पण स्वतःच्या बहिणीच्या दारात बारा वर्षांत गेलेले नाहीत. फार गवगवा झाला. लोक कार्यक्रमात ओरडतात. कंपनी म्हणते, पुढचा करार थांबवू. म्हणून तुम्ही ओवाळताय, हे बसलेत, अशी एक तसबीर पाहिजे. छापून टाकली की तोंडं बंद.”

बायनाबाईनं भावाकडं पाहिलं.

“म्हणून आलास व्हय?”

“तसं न्हाई, आक्का. यायचंच होतं. कामामुळं जमायलं न्हाई.”

“आज कोणती बीज हाय?”

“तसबिरीत तिथी कुटं दिसतीय?” भुजंग हसला. त्याचं ते हसू लाखो लोक पैसे देऊन बघायचे.

राग तर आलाच. पण मांडीवर झोपणारं पोरगंही तिला दिसत होतं, आणि ते शेरवानीच्या आत कुठंतरी असेल असं तिला वाटत होतं. उशिरा का होईना, दारात तर आलाय. ती म्हणाली, “ओवाळते. पण एक सांग. तबकडीच्या शेवटाला तू म्हणतोस, शब्द मी मास्टर भुजंग. ते शब्द कुणाचे?”

भुजंगानं मान खाली घातली. “आक्का, जात्यावर तर सगळ्याच बाया म्हणत्यात. त्याला कोण ऐकतं? मी गायलो म्हणून नाव झालं. कंपनीचा कायदाच तसा असतोय.”

“कायदा,” बायनाबाई म्हणाली. तिनं तोही घोट गिळला. कसा गिळला ते तिचं तिलाच ठाऊक. घरात गेली, ताट केलं, निरांजनात तेल घातलं. तानुबाई मागोमाग आली आणि हळूच म्हणाली, “आला ना गं शेवटी. जाऊ दे मागचं.”

“तेच करायलेय,” बायनाबाई म्हणाली आणि कोनाड्यातून कुंकवाचा करंडा काढला.

अंगणात पाट मांडला, त्याच्याभोवती तांदळाची रेघ ओढली. भुजंग पाटावर बसला. किशनरावानं कॅमेऱ्यावर काळं फडकं टाकलं आणि सूचना सुरू केल्या: बाई थोडं डावीकडं, पदर डोक्यावर, ताट जरा खाली, साहेबांचं तोंड झाकतंय. सगळ्या बाया भिंतीला लागून उभ्या राहिल्या. बायनाबाईनं तेही ऐकलं. डावीकडं सरकली.

“आता ओवाळणी आधी टाका ताटात, म्हणजे दिसेल,” किशनराव म्हणाला.

भुजंगानं पिशवीतून लुगडं काढलं. जरीकाठी, जांभळं, उन्हात झळकणारं. बायांच्या तोंडून “अगं बाई!” निघालं. त्यानं ते ताटाच्या कडेला ठेवलं.

बायनाबाईनं ते हातात घेतलं. बाई माणूस नवं लुगडं हातात आलं की घडी उलगडतेच. घडी उलगडली आणि तिचा हात थांबला. पदराला पांढऱ्या रंगाचा डाग होता, तोंडाला फासतात त्या रंगाचा. निरीला एक टाचणी अडकून राहिली होती. आणि लुगड्याला वास येत होता, घामाचा, पावडरीचा, तमाशाच्या पेटीचा.

“हे तू नेसतोस,” ती म्हणाली.

भुजंगाचा चेहरा क्षणभर उतरला. “गडबडीत निघालो, आक्का. दुकान उघडं नव्हतं. पेटीतलं चांगल्यातलं चांगलं आणलं. हैदराबादला गेलो की नवं कोरं धाडतो, शपथ.” आणि मग, कॅमेऱ्याकडं एक नजर टाकून, तो म्हणाला, “डाग तसबिरीत दिसत न्हाई.”

पहिल्या कमाईत त्यानं कोरा खण आणला होता. तेव्हा त्याच्या अंगावर धड सदरा नव्हता. बायनाबाईला तेवढंच आठवलं, आणि बारा वर्षांत तिनं जो त्याच्यावर खर्च केला नव्हता तो सगळा राग एकदम थंड होऊन तिच्या हातापायांत उतरला. ती ओरडली नाही. तिनं लुगड्याची नीट घडी घातली, पहिली होती तशीच, आणि ती भुजंगाच्या मांडीवर ठेवली.

“तुझं हाय. तूच नेस.”

“आक्का, अगं तसबीर—”

तिनं निरांजनाची वात बोटानं पुढं सारली. ताट उचललं. पाटावर बसलेल्या भावाला वळसा घालून ती अंगणाच्या मधोमध आली आणि त्याच्याकडं पाठ करून उभी राहिली. पूर्वेला लिंबाच्या शेंड्यावर माघ नवमीचा चंद्र दिवसाउजेडीच वर आला होता, फिकट, ताकासारखा. बायनाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा ताट हातात असताना मान वर केली.

तानुबाई धावत पुढं आली आणि तिनं बायनाबाईचा दंड धरला. “बायने! काय करायलीस हे? भाऊ जिता हाय गं! म्होरं बसलाय!”

“त्यो मास्टर भुजंग हाय,” बायनाबाई म्हणाली. “लय मोठा माणूस हाय. मला भाऊ न्हाई.”

तानुबाईचा हात गळून पडला. बायनाबाईनं चंद्राला ओवाळलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. कुंकवाचं बोट वर केलं, अक्षता आभाळाकडं फेकल्या. त्या खाली पडल्या, काही तिच्या डोक्यावर, काही मागं पाटापाशी. मग ती वळून किशनरावाला म्हणाली, “काढा म्हणलं तुमची तसबीर. तोंड दिसतंय ना आता?”

किशनराव मराठीच माणूस होता, त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यानं कॅमेऱ्यावरचं काळं फडकं काढलं आणि घडी करायला घेतली. भिंतीजवळच्या बायांनी, मोटार बघायला आलेल्यांनी, घरातून तान्ह्या पोरांना उचलून आलेल्यांनी, एकीनंही भुजंगाकडं पाहिलं नाही. मयताच्या घरी आल्यासारख्या त्या खाली बघत राहिल्या.

भुजंग अजून पाटावरच होता, मांडीवर लुगडं घेऊन. त्याच्या कपाळाला कुंकू लागलं नव्हतं. “आक्का,” तो म्हणाला, आणि आवाज ना पुरुषाचा निघाला ना बाईचा.

बायनाबाई घरात गेली आणि जात्यावरचं फडकं काढून तिनं दळण घातलं. तानुबाई डोळे पुसत समोर येऊन बसली, खुंट्याला हात घातला आणि रोजच्यासारखी तिच्या ओवीची वाट बघत राहिली. मोटार सुरू झाल्याचा आवाज आला, मग गल्लीच्या टोकाला गेला, मग ऐकू येईना. बायनाबाई दळत राहिली. भावाची ओवी, भाऊ नसलेल्या बाईनं म्हणायची नसते.