तबल्याचा उपवास

इनास तुस्कानोंनी आपला तबला बांधून ठेवला तो राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, आणि तो ऐकायला पाठवा अशी चर्चची ईमेल आली बरोब्बर दुसऱ्या दिवशी. देवाला थट्टा करायची हौस असेल तर असो, पण त्यासाठी दरवेळी आपलंच घर का निवडावं, हे त्यांच्या मुलीला, शैलाला, कळेना.

तशी तिची मागणी साधी होती. मे महिन्यात तिच्या अनयाचं पहिलं कम्युनियन होतं. अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या त्यांच्या चर्चमध्ये दुसरीतली मुलं पांढरे कपडे घालून एकेक करत आत येणार, पहिल्यांदा ख्रिस्तशरीर स्वीकारणार, आणि त्या मिस्साला, त्या प्रार्थनाविधीला, अनयाच्या आजोबांनी तबला वाजवावा, बस्स. वसईतल्या गावच्या चर्चमध्ये बाबांनी उभा जन्म तबला वाजवला होता. शैलाचं पहिलं कम्युनियन, तिचं लग्न, आईची शेवटची मिस्सा, सगळ्याला त्यांचाच हात होता. आता बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मे संपता संपता परत जाणार, आणि हा प्रवास आपल्याला पुन्हा झेपणार नाही हे त्यांनी विमानतळावर उतरल्या उतरल्याच जाहीर करून टाकलं होतं. लोणचं आणि सुके बोंबील आणा म्हणून चारदा बजावलेलं असताना बॅग भरून तबला-डग्गा घेऊन आले होते. अनयासाठी वाजवायचा तर ह्याच मिस्साला. नंतर कधी, हा प्रश्नच नव्हता.

ईमेल मॉरीनची होती. मॉरीन म्हणजे चर्चची संगीतप्रमुख. सत्तरीची, ताठ पाठीची, ऑर्गनवर बसली की मागे वळून न बघणारी. तिने फार गोड शब्दांत लिहिलं होतं की कमिटीतल्या काही जणांना हे वाद्य उपासनेला साजेसं वाटत नाही. ते करमणुकीचं वाटू नये, प्रार्थनेच्या शब्दांवर कुरघोडी करू नये. तरी एखादं रेकॉर्डिंग पाठवावं, कमिटी ईस्टरच्या आधी निर्णय घेईल.

शैलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्याच चर्चमध्ये रविवारी संध्याकाळी एक कॉलेजकुमार ड्रमसेट बडवतो. आवाज फार होतो म्हणून त्याच्याभोवती पारदर्शक प्लास्टिकची भिंत उभी केलीय, आत तो पोरगा मत्स्यालयात ठेवल्यासारखा दिसतो. ते चालतं, आणि बोटांनी वाजणाऱ्या तबल्याला मात्र चारित्र्याचा दाखला हवा! पण भांडून काय उपयोग? पाच मिनिटांचं तर काम होतं. ती फोन घेऊन बाबांच्या खोलीत गेली.

"बाबा, जरा वाजवून दाखवा. रेकॉर्ड करून पाठवते."

"ईस्टरनंतर."

"त्यांना ईस्टरच्या आधी हवंय."

"आधी उपवासकाळ आहे," बाबा म्हणाले, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. प्रश्न मिटला.

कोपऱ्यात तबला-डग्गा होते. त्यांच्यावर शैलाचीच एक जुनी जांभळी ओढणी नीट चारी बाजूंनी खोचलेली होती. चर्चमध्ये ह्या दिवसांत पुतळे झाकतात, तशी.

ती कथा शैलाला पाठ होती. बाबा विशीत असताना मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली, आणि नव्या गाण्यांना ठेका हवा म्हणून फादरनी गावच्या नाटकात तबला वाजवणाऱ्या इनासला बोलावलं. गाव खवळलं. लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या 'नाचगाण्याचं वाद्य देवळात आणलं' म्हणत उठून बाहेर पडवीत जाऊन बसल्या आणि कित्येक रविवार तिथूनच मिस्सा ऐकत राहिल्या. तेव्हा फादरनी तोड काढली. इनासला म्हणाले, तबला आत येईल, पण आत आला की तो पॅरिशचा, म्हणजे चर्चच्या कुटुंबातला, माणूस. सगळे उपवासकाळात काहीतरी सोडतात, त्यानेही सोडायचं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत तोंड उघडायचं नाही. इनासने शब्द दिला. ते फादर गेले, म्हाताऱ्या गेल्या, पुढच्या फादरना असं काही ठरलं होतं हे ठाऊकही नव्हतं. पण बाबांचा तबला दर वर्षी उपास करत राहिला.

"बाबा, इथे कुणाला कळणारे?"

"मला कळेल ना."

शैलाने संजयपुढे, म्हणजे नवऱ्यापुढे, कैफियत मांडली. संजयकडे कुठल्याही संकटावर एक अ‍ॅप असतं.

"यार, तबल्याची ढीगभर अ‍ॅप्स आहेत. एक डाउनलोड कर, मस्त ठेका लाव, पाठवून दे. मॉरीनला काय फरक कळतोय?"

"आणि कम्युनियनला काय, फोन मांडीवर घेऊन बसवायचं बाबांना?"

"मी आपलं सजेस्ट केलं," म्हणून संजय मीटिंगला पळाला.

अनयाने मात्र खोलीत डोकावून ओढणीकडे बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, "आबा, इज इट इन टाइम-आउट?"

"हो," आबा म्हणाले. "पण मी नाही. चल, आज चालायचं ना?"

हे चालण्याचं प्रकरण वेगळंच होतं. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत म्हटलं की अनयाची गाळण उडायची. चर्चच्या तालमीत दारापासून वेदीपर्यंत एकटीने सावकाश यायचं होतं, तर ही मागे कुत्रं लागल्यासारखी धावत सुटायची. मॉरीनने तिला तीनदा परत पाठवलं, तिन्ही वेळा धावली, आणि शेवटी गाडीत बसून रडली. तेव्हापासून बाबा तिला रोज घरात चालवायचे. स्वयंपाकघरापासून सोफ्यापर्यंत, तोंडाने बोल म्हणत. "धा धिं धिं धा... एका बोलाला एक पाऊल. धा तिं तिं ता... आता वर बघ." तोंडाला शब्द लागू नव्हता, फक्त हातांना. कामावरून दमून आलेल्या शैलाला कुकरच्या शिट्ट्यांमध्ये ते सतत ऐकावं लागे, आणि चिडचिड होई ती वेगळीच.

शेवटी तिनेच मार्ग काढला. जुन्या हार्डडिस्कवर बाबांचं वादन होतं. एकच, पण झकास. तिच्या लग्नातलं. बाबा असे काही रंगलेले की बोटं दिसत नव्हती. ऑफिसच्या घाईत तिने तो तुकडा कापला आणि पाठवून दिला. आपण पाठवताना नुसतं ऐकलं, नीट पाहिलंच नाही, हे उत्तर आल्यावर तिच्या ध्यानात आलं.

मॉरीनने लिहिलं होतं की वादन अतिशय आनंददायी आहे, आणि पॅरिशच्या उन्हाळी पिकनिकला तुमच्या वडिलांनी जरूर वाजवावं. तोवर ते इथे असतील तर.

शैलाने व्हिडिओ पुन्हा लावला. बाबांच्या मागे तिचा मामा डोक्यावर बाटली तोलत नाचत होता. त्याच्या मागे दोन काका, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. तिने डोक्याला हात लावला.

बाबांना सांगावंच लागलं. त्यांना पिकनिकचं काही वाटलं नाही. "तू तबला उपवासकाळात पाठवलास?" एवढंच म्हणाले, आणि रात्री जेवताना तिच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. म्हणजे चर्चच्या मते तबला पुरेसा धार्मिक नाही, आणि बाबांच्या मते तो इतका धार्मिक की चर्चलासुद्धा ऐकवायचा नाही. आणि ह्या दोघांच्या मध्ये सँडविच झालेली बाई कोण, तर शैला.

शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये फिश फ्राय होता. उपवासकाळात, इथल्या भाषेत लेंटमध्ये, शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून सगळी पॅरिश जमून तळलेले मासे खाते. पुढ्यातला कागदी ताटभर मासा बघून बाबा म्हणाले, "हा उपवास असेल तर आमचा कोळीवाडा जन्मभर उपवासातच आहे." पण खाल्ला आवडीने.

मॉरीन एप्रन बांधून कोबीचं सॅलड वाढत होती. शैलाने मनाशी ठरवलं होतं की शांतपणे बोलायचं.

"तुमच्या वडिलांचा हात सुरेख आहे," मॉरीनच आधी म्हणाली. "पण तुम्हीच सांगा, ते गृहस्थ बाटली घेऊन..."

"ते माझे मामा आहेत!" शैलाचा तोल सुटला. रांगेतली माणसं वळून बघू लागली, तरी ती थांबली नाही. "तो व्हिडिओ पाठवला कारण माझ्याकडे दुसरा नाही. दुसरा नाही कारण ते वाजवत नाहीत. वाजवत नाहीत कारण लेंट आहे! तुम्ही विचारताय वाद्य पवित्र आहे का, आणि ते म्हणतायत त्याचा उपास मोडणार नाही. मी काय करू, सांगा ना! मी काय करू?"

मॉरीनने डाव खाली ठेवला. "सबंध लेंट?"

"सबंध. पन्नासहून जास्त वर्षं."

मॉरीन हात पुसून थेट बाबांच्या टेबलाशी आली आणि समोर बसली. सगळं विचारून घेतलं. बाबांनी तोडक्यामोडक्या इंग्रजीत, कमी पडलं तिथे शैलाने सांगितलं. लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या ऐकून मॉरीन मनापासून हसली. म्हणाली, माझ्या कमिटीत आहेत तशा दोघी. मग म्हणाली, मीसुद्धा ह्या दिवसांत ऑर्गन नुसता वाजवत नाही, गाण्याला आधार देण्यापुरताच. आणि दर वर्षी मिस्सा कंटाळवाणी झाली म्हणून तक्रारी येतात.

"पण नियम तेवढाच आहे," ती बाबांना म्हणाली. "गाण्याला आधार म्हणून वाद्य चालतं. शिवाय परवाचा रविवार चौथा, त्या दिवशी तर पूर्ण मोकळीक असते. परवा मिस्सानंतर मला ऐकवा."

"बघा!" शैला जवळजवळ ओरडली. "बाबा, नियमातच आहे!"

बाबांनी विचार केला. खरंच केला, कपाळावरच्या आठ्या दिसत होत्या. मग मान हलवली. "नियम असेल. मी शब्द दिला त्यात रविवार नव्हता."

शैलाने हात टेकले. त्या क्षणी तिला वडिलांचा इतका राग आला की बोंबील न आणल्याचाही पुन्हा नव्याने आला.

"मग न ऐकता मी कमिटीला काय सांगू?" मॉरीन म्हणाली, आणि तिचंही बरोबरच होतं.

अनयाचं फ्राइज खाऊन झालं होतं. तिने आजोबांची बाही ओढली. "आबा, आज चालायचं राहिलं."

"इथे?"

"इट्स लाँग," अनया टेबलांमधल्या वाटेकडे बोट दाखवत म्हणाली. आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

बाबांनी हात मांडीवर घट्ट धरले आणि बोल सुरू केले. हळू, बसल्या जागेवरून. "धा धिं धिं धा..." दोन्ही बाजूंना माणसं मासे खात होती, कुणीकुणी बघत होतं. अनया निघाली. एका बोलाला एक पाऊल. "धा तिं तिं ता" आलं तशी तिने मान वर केली. मध्ये कुणाची तरी खुर्ची सरकली तेव्हा ती थबकली, बाबाही थबकले, तिचं पाऊल उचललं तसे पुढे निघाले. ती टेबलाशी पोचली. धावली नव्हती.

मॉरीन तिच्याकडे बघत होती. ह्याच मुलीला तिने तीनदा परत पाठवलं होतं.

"मुलं आत येतानाचं गाणं," ती उठत म्हणाली. "पूर्ण गाणं. ऑर्गनसोबत. कमिटीचं मी बघते." आणि शैलाला म्हणाली, "रांग खोळंबलीय, सॅलड वाढायला येता का?"

ईस्टरच्या दुपारी ओढणी निघाली. बाबांनी हातोडी घेऊन तबला सुरात आणला आणि पहिली थाप पडली तेव्हा शैला स्वयंपाकघरातून धावत आली. त्यानंतरचे आठवडे तिने अख्ख्या ओळखीपाळखीला फोन करण्यात घालवले. वूस्टरहून मैत्रीण प्रतिमा आली, न्यू जर्सीहून संजयचे काका-काकू आले. सगळ्यांना तिने खिंड कशी लढवली ते तिखटमीठ लावून सांगितलं.

आणि मिस्साला तबला ऐकूच आला नाही.

म्हणजे बाबा वाजवत होते. ऑर्गनच्या बाजूला चटईवर बसले होते, बोटं हलत होती. पण शैला सहाव्या बाकावर होती आणि तिच्यापर्यंत पोचत होतं ते गाणं आणि ऑर्गन. खाली कुठेतरी काहीतरी चालू आहे, इतपतच. जोरात, बाबा, जोरात, ती मनात म्हणत राहिली. लग्नातला तो हात गेला कुठे? अनया कधी आत आली, कधी वेदीशी पोचली, तिकडे तिचं धड लक्षही नव्हतं. बाहेर हिरवळीवर एका म्हाताऱ्या गृहस्थाने येऊन सहानुभूतीने विचारलं, तुमच्या वडिलांचा ड्रम शेवटी रद्द झाला का?

गाडीत बसल्यावर तिचा बांध फुटला.

"बाबा, मी ह्यासाठी भांडले? लोक न्यू जर्सीहून आले! तुम्ही वाजवलंत की नाही हेच कुणाला कळलं नाही!"

बाबा सीट बेल्टची खाच शोधत होते. "गाणं नीट ऐकू आलं ना?" म्हणाले. "मग."

"मग काय मग! एकदा, एकदाच वाजवायचा होता तुम्हाला इथे. पुन्हा कधी..."

"आय हर्ड इट," मागून अनया म्हणाली. डोक्यावरची पांढरी जाळी काढून तिने मांडीवर ठेवली होती. "आय वॉक्ड ऑन इट, आई. मला सगळा ऐकू आला."

शैलाला मिस्सा आठवली. पांढऱ्या कपड्यातली एक मुलगी मधल्या वाटेने एकेक पाऊल टाकत आली होती, अर्ध्यावर तिने मान वर केली होती, आणि ती धावली नव्हती. ती आपली होती. आपण त्या वेळी कान ताणून तबला शोधत बसलो होतो.

बाबांना शेवटी खाच सापडली. "हळू घे गाडी," ते म्हणाले.

शैलाने गाडी सुरू केली. तिला रडू येत होतं, आणि त्याचाही तिला रागच आला.