तळघरातली खोटी समिती

मित्रांनो, माझ्या अंगावर पाच बटणं आहेत. त्यातलं एक मोडलंय, पण बाकीची चार अजून कडक! मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मी राहतो अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात, एका कॉलेजच्या वाचनालयाखाली. तळघरातल्या त्या खोलीत डोक्यावरून गरम पाण्याचे नळ जातात आणि हिवाळ्यातही घाम फुटतो.

कारखान्यातलं मला एवढंच आठवतं, की कुणीतरी माझ्यापुढे 'एक, दोन, तीन' म्हटलं आणि मी ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं. तो माझा पहिला पराक्रम!

मला दुकानातून आणलं मिस ओडेसा टार्व्हर यांनी. त्या वेळी कॉलेजच्या इंग्रजी विभागात त्या एकट्याच काळ्या. एकदा एक साहेब त्यांच्या वर्गात मागे बसले आणि त्यांनी लिहून दिलं, 'बाई वर्गात फार ओरडतात.' दुसऱ्या दिवशी मिस ओडेसांनी मला टेबलावर ठेवून अख्खा तास टिपला आणि साहेबांपुढे वाजवला. म्हणाल्या, "जिथे ओरडले, तिथे हात वर करा." साहेबांचा हात शेवटपर्यंत मांडीवरच राहिला. मी तर खुशीने गरगर फिरत होतो!

पुढे रिगोबेर्तो साल्सेडो सर आले. त्यांचे आईवडील मेक्सिकोचे. मग मिन-जंग को मॅडम आल्या, त्यांचे कोरियाचे. बावीस जणांत गोरे नसलेले हे एवढेच. नवी मुलं वर्गात साल्सेडो सरांना विचारायची, "इंग्रजीचे सर कधी येणार?" सर म्हणायचे, "आले की सांगतो. तोवर वह्या उघडा."

दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ही माणसं तळघरात येऊन दार लावून घ्यायची. तिथेच खोटी समिती जन्मली. पाच वर्षं झाली की प्रत्येक शिक्षकाला खऱ्या समितीपुढे जावं लागतं. तिथे ठरतं, कायम करायचं की निरोप द्यायचा. म्हणून आधी आमची माणसं खोटी समिती मांडून बसायची, अगदी टोचणारे प्रश्न विचारायची आणि मी सगळं टिपायचो. मग ते ऐकताना उमेदवार जितक्या वेळा 'माफ करा' म्हणाला असेल, तितके पेकनचे, म्हणजे अक्रोडासारख्या कवचाचे, दाणे मिस ओडेसा पत्र्याच्या वाडग्यात टाकायच्या. टण्ण! को मॅडमचा वाडगा काठोकाठ भरला होता. मग सगळ्यांनी ते दाणे फोडून खाल्ले आणि दुसऱ्या फेरीत वाडगा रिकामा राहिला. किती कौतुक व्हायचं तेव्हा माझं!

मग फोन आले, आणि मी बिनदाराच्या कपाटात गेलो. सहा वर्षं माझ्या डोक्यावर कुंडी होती, मित्रांनो! पाणी झिरपून बटण गंजलं आणि मोडलं. कुणाला पत्ताही नव्हता.

आणि मग ती मार्चमधली दुपार आली.

जेरुशा पेटवे या तरुण काळ्या मॅडमची दोन वाजता खरी समिती होती. मुलांनी भरलेल्या अभिप्रायाच्या कागदांवर त्यांच्याविषयी 'रागीट वाटतात', 'फार कडक' असं लिहिलेलं. समितीतले दोघे आधीच विरोधात. नाही म्हटलं गेलं, तर मे महिन्यात जेरुशाची नोकरी संपणार होती.

साडेबाराला साल्सेडो सर आणि को मॅडम जेरुशाला घेऊन तळघरात बसले होते, तेवढ्यात निवृत्त मिस ओडेसा काठी टेकत आल्या. "बाजूला ठेवा ते फोन! कॉलेजने दिलेल्या फोनात टिपलेलं कॉलेजच्या पोटात जातं. माझा डबा कुठाय?"

डबा म्हणजे मी! कुंडी बाजूला झाली, नव्या बॅटऱ्या आल्या. पण माझ्या आतला पट्टा सैल झाला होता. मला धडकी भरली. आज आवाज घसरला तर?

जेरुशाने आपलं निवेदन वाचलं. एकही चूक नाही, एकही 'माफ करा' नाही. मी ते परत ऐकवलं.

"कोण बोलतंय हे?" मिस ओडेसांनी विचारलं.

"मीच की, मिस ओडेसा."

"तू नाहीस, पोरी. काय हो साल्सेडो, तिसरा परिच्छेद कुणाचा?"

"जरा... माझा हात लागलाय."

"आणि पहिला?"

"माझा," को मॅडम पुटपुटल्या. "दुसराही. थोडासा."

"मग या बिचारीचा कुठला?"

मित्रांनो, ही सगळी इंग्रजीची मास्तर मंडळी! कागद दिसला की पेनाचं टोपण आपोआप उघडतं. मायेपोटी दोघांनी मिळून ते निवेदन अकरा वेळा दुरुस्त केलं होतं.

"आता एक वाजून गेलाय," साल्सेडो सर चिडले. "आहे ते वाचू दे. सुरक्षित आहे."

"सुरक्षित? कपाट सुरक्षित असतं!"

"तुम्हाला काय जातंय बोलायला? तुम्ही निवृत्त झालात. नोकरी तिची जाणार!"

"पुरे!" जेरुशा उठली. खुर्ची मागे कलंडली. "माझ्या डोक्यावरून भांडू नका! अकरा वेळा मी 'छान आहे' म्हटलं, कारण तुमच्याशिवाय माझं इथे कुणी नाही. मी कडक आहे, हो! मुलांना स्वतःचं लिहिलेलं मोठ्याने वाचायला लावते. माझ्या आजोबांना अक्षरओळख नव्हती. ते मला चर्चची पत्रकं वाचायला लावायचे आणि म्हणायचे, 'थांब, इथे मला कळलं नाही.' लिहिणाऱ्याची चूक बहुतेक तिथेच असायची. तेच करते मी वर्गात. मुलं आधी चिडतात. मे महिन्यात तीच मुलं एकमेकांना थांबवतात. हे कुठाय त्या कागदात? सांगा ना!"

मग मिस ओडेसांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी माझं टिपायचं बटण गुपचूप पुन्हा दाबलं होतं, मी चालूच होतो!

फीत मागे फिरली. पट्टा घसरू लागला, आवाज जड झाला. 'आजोबांना' म्हणताना जेरुशा म्हशीसारखी रेकली. को मॅडमनी माझ्या चाकाला बोट लावून फिरवत ठेवलं. दोन मिनिटं मी जिवाच्या आकांताने ओढली. जेरुशा डोळे मिटून ऐकत राहिली. मग तिने कागदाची घडी केली, पर्समध्ये टाकली आणि निघाली.

सव्वातीन वाजले. दार उघडलं.

"काय झालं?" तिघेही एकदम.

"म्हणाले, लिहून आणलं नाही का? म्हटलं, आणलंय. पण आधी मला ऐका." ती खुर्ची ओढून बसली. "आणि आजोबांपासून सुरुवात केली."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. पाच विरुद्ध चार. जेरुशा कायम झाली! एका मताने, मित्रांनो, फक्त एका मताने!

साल्सेडो सरांनी मला नवा पट्टा बसवला. या ऑक्टोबरात युलालिया नावाच्या नव्या शिक्षिकेसाठी खोटी समिती बसली, तेव्हा जेरुशाने आधी सगळ्यांची पेनं काढून घेतली. साल्सेडो सर कुरकुरले, "निदान पेन्सिल?"

"तीही नाही. आधी ऐकायचं."

म्हणून तुम्हाला माझी एक विनंती आहे. जुन्या वस्तूच्या डोक्यावर कुंडी ठेवू नका, हे तर आहेच. पण कुणी घाबरलेला माणूस तुमच्यापुढे बोलू लागला, तर त्याचं वाक्य त्यालाच पूर्ण करू द्या. अडखळला, तरीसुद्धा.